आठचा डोस साडेनऊला का?

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ‘व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम, शिरेतून, दर १२ तासांनी’. लिहायला दहा सेकंद पुरतात. सिस्टरला मात्र ते अँटिबायोटिक विरघळवून, सलाइनमध्ये मिसळून निदान ६० मिनिटं हळूहळू सोडावं लागतं. घाई केली तर पेशंटचं अंग लाल होतं, खाज सुटते, कधी रक्तदाबही उतरतो. त्याच सुईतून आठचीच आणखी दोन औषधं द्यायची असली की रांग लागते. मग राउंडला प्रश्न येतो, ‘आठचा डोस साडेनऊला का?’

हे कळायला सिस्टरबरोबर सावलीसारखं फिरावं लागतं. यालाच जॉब शॅडोइंग म्हणतात.

नव्या निवासी डॉक्टरांनी सकाळपाळीचे पहिले ४ तास एकाच सिस्टरबरोबर काढावेत, आणि तेही रात्रपाळीच्या हँडओव्हरपासून, म्हणजे रात्रीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरकडे पेशंट सोपवतात तेव्हापासून. त्या वेळात स्वतःचे पेशंट नकोत, फोनही दुसऱ्याकडे सोपवलेला हवा. बेत फसतो तो बहुधा इथेच. माणसं कमी असतात, कुणीतरी म्हणतं, ‘जरा ही सुई लावता का?’ आणि पाहायला आलेला माणूस कामाला जुंपला जातो. पेशंटलाही आधी विचारावं. नको म्हणाले तर पडद्याबाहेर थांबावं.

टिपण ठेवावं, पण चुकांचं नाही. सिस्टर कुठे खोळंबल्या आणि कशासाठी त्यांना डॉक्टरांना फोन करावा लागला, एवढंच लिहावं. चुका मोजायला लागलात की ती तपासणी होते, आणि पुढच्या खेपेला कुणी मोकळेपणी काम दाखवत नाही.

लॅबमध्येही अर्धा दिवस जरूर काढावा. जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियमचा क्षार असतो. त्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतलं, तर रिपोर्टात पोटॅशियम खोटंच वाढतं आणि कॅल्शियम घटतं. नमुना परत पाठवणारे तंत्रज्ञ अडवणूक करत नसतात, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं. सिस्टर आणि फार्मासिस्ट यांनीही असंच डॉक्टरांबरोबर राउंडला जावं. आणि युनिटप्रमुखांनी सुरुवात स्वतःपासून करावी. फक्त ज्युनिअरांना धाडलं तर ती नवशिक्यांची हजेरीच ठरते.

सिस्टरबरोबर फिरलात, त्याच दिवशी डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी २० मिनिटं बसून एकच बदल ठरवावा. उदाहरणार्थ, व्हॅन्कोमायसिनची वेळ ८ ऐवजी १०. केसपेपरवर तशीच वेळ लिहावी आणि पंधरा दिवसांनी त्याच सिस्टरना विचारावं, अजून रांग लागते का?