हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला की चाटी गल्लीतला कापडवाला असो, नाहीतर अक्कलकोट रोडचा यंत्रमागवाला, पहिला उद्गार एकच: "बंद करून टाकू!" २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराची मिळून एकच पॉलिसी) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरी हप्ता चढाच दिसतो. उपचार महागले, हे खरंच. पण एक कारण आपल्याच पॉलिसीत दडलेलं असतं.

नवरा-बायको, मुलं आणि आई-वडील, सगळे एकाच फ्लोटरमध्ये असले की हप्ता साधारणपणे सगळ्यांत थोरल्या माणसाच्या वयावर ठरतो. वडील पासष्टीचे झाले की अख्ख्या घराचा हप्ता चढतो. शिवाय विम्याची रक्कम सगळ्यांत मिळून एकच; वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तर वर्षभरासाठी बाकीच्यांना उरतं ते थोडंच. म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी करून दोन्ही हप्त्यांची बेरीज एकदा मांडून बघाच. मात्र आधीची प्रतीक्षा मुदत (जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबावी लागणारी वर्षं) धरली जाईल, हे कंपनीकडून लेखी घ्या. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी 'इर्डा'शी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेशी, सल्लामसलत करावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

विम्याची रक्कम वाढवायची असेल तर मूळ पॉलिसी ५ लाखांचीच ठेवून वर सुपर टॉप-अप घ्या. वर्षभराची बिलं मिळून ५ लाखांपुढे गेली की तो लागू होतो, म्हणून स्वस्त पडतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं: वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार, घरात दोघं सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी चालतं. पण दवाखाना योजनेच्या यादीत हवा. म्हणून केवळ कार्डाच्या भरवशावर जुनी पॉलिसी मोडू नये, असं माझं मत.

कारण सलग ५ वर्षं भरलेल्या पॉलिसीत, फसवणूक सोडली तर, 'आजार सांगितला नव्हता' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. खंड पडला की ही वर्षं हातची जातात. कंपनीच बदलायची तर मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्या. आणि फॉर्मवर वडिलांची शुगर, बीपी लिहाच, एजंट "राहू द्या हो" म्हणाला तरी.