आधी ऐका, मग मोजा

मंडळी, जुन्या अँबॅसेडरच्या इंजिनातून आवाज आला की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘इंजिन खोला जी!’ मी म्हणतो, थांबा. आधी ऐका, मग मोजा. खोलणं शेवटी.

थंड इंजिन सुरू केल्यावर खडखडतं आणि गरम झाल्यावर गप्प होतं, तो आवाज पिस्टनचा. वरच्या झाकणाखालची बारीक टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतल्या फटीची. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, सेटिंग करा, विषय संपला. पूल चढताना टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यागत वाजलं, तर ठिणगीचं टायमिंग बघा, हेडमधला कार्बन बघा. या तिघांसाठी कोणी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) काढायला लावला, तर गाडी उचला आणि दुसरं गॅरेज शोधा.

घाबरायचं ते बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला. इंजिन चांगलं तापू द्या, रेस वाढवा आणि एकदम सोडा. सोडताच ठकठक आली, तर एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवा. ज्या सिलिंडरवर आवाज दबला, त्याच्या रॉडचा शेल (बेअरिंगची पातळ वाटी) गेला. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज याहून जड, खोलातून येतो; एक वायर काढून तो सहसा बदलत नाही, शेजारच्या दोन काढाव्या लागतात.

आता तेलाचं प्रेशर. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो पेटेपर्यंत प्रेशर जवळपास संपलेलंच असतं. प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा, आणि गाडी मे महिन्यातल्या दुपारी सीताबर्डीच्या गर्दीतून फिरवून आणा. पंचेचाळीस डिग्रीत तेल पातळ होतं, तेव्हा खरं काय ते कळतं. या 1489 सीसी इंजिनात गरम असताना, चालत्या गाडीत काटा चाळीस पीएसआयच्या (प्रेशरचं माप) वर हवा. आयडलला दहा-पंधरा पीएसआय चालेल.

प्रेशर उतरलं की लोक तेलाचा पंप बदलतात. अहो, पंप तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीत तेल अडल्यामुळे. आणि फटीचा हिशेब घनाचा आहे. फट दुप्पट झाली की तेल आठपट निसटतं! नवा पंप तरी किती पुरणार?

म्हणून काटा कधी पडतो ते बघा. थंड असताना ठीक, गरम आयडलला पडतो, तर बहुधा बेअरिंग झिजलेत. थंड-गरम कायमच कमी, तर जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलाय का, खालच्या तेलाच्या चेंबरमधली जाळी तुंबलीय का, हे तपासा. डिपस्टिक हुंगायला विसरू नका. फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. अशा वेळी पडदा आणि तेल बदललं की भागतं.

जुनी गाडी विकत घेताना तर गरम केल्याशिवाय सौदा करूच नका. जाड तेल भरून आवाज दाबणारे भरपूर आहेत.

आणि बिग एंड वाजतोय हे पक्कं झालं, तर सावनेरहून गाडी चालवत आणू नका, टो करा. शेलपुरतं असेल तर चेंबर उतरवून काम होतं. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, ओरखडे पडले की क्रँक ग्राइंडिंगला जातो, घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारे अंडरसाइझ शेल शोधत बसावे लागतात, आणि अँबॅसेडरचे चांगले शेल आता मागाल तेव्हा मिळत नाहीत.