जीप, जोंगा, जिप्सी आणि आपले फौजी चालक

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सैन्यातील हलकी वाहने आणि सीमाभागातील सैनिकांच्या आठवणी’ असा छापला आहे. या सभागृहात ज्याचा काका, मामा किंवा थोरला भाऊ पलटणीत नव्हता असा माणूस शोधावा लागेल. त्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे हे मी तुम्हांला सांगणे म्हणजे कॅम्पात जन्मलेल्याला बिगूल म्हणजे काय ते समजावून देणे होय. मी तीस वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव या गावांतून फिरून माजी सैनिकांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यातून माझे एक मत बनले आहे. घरची मंडळी त्याला खूळ म्हणतात, म्हणून ते येथे मांडतो. चालकाची आठवण तोंडात नसते, ती हातापायांत असते. त्याला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारणे ही आपली चूक आहे.

हे मला कसे कळले, ते थोडे सविस्तर सांगतो. हिंडलग्याला एक निवृत्त हवालदार होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा ते अनमोड घाटाने मोल्याकडे उतरलेल्या फौजेत जीप चालवत होते. त्या मोहिमेत सतराव्या डिव्हिजनचे मुख्यालय बेळगावातच होते, म्हणजे युद्ध आपल्या अंगणातून गेले होते. मी वही उघडून विचारले, “हवालदारसाहेब, गोव्यात तुम्ही काय केलेत?” ते म्हणाले, “थांबलो की.” मी आणखी खोदले. पोर्तुगीजांनी माघार घेताना बोरीचा पूल उडवला होता, पायदळ नदी ओलांडून पलीकडे गेले आणि जीप अलीकडे राहिली. जीप राहिली म्हणून चालकही राहिला. “आमची पोरं गोव्यात गेली मास्तर, मी जीप राखत बसलो.” गावाने त्यांना पन्नास वर्षे ‘गोवा जिंकलेले हवालदार’ म्हणून हार घातले होते आणि त्यांच्या स्वतःच्या हिशेबात ते गोव्याच्या अलीकडेच राहिले होते.

पुढे तासभर काही निघाले नाही. युद्धाविषयी विचारले की प्रत्येक माजी सैनिक देशासाठी, नमक, साहेबांचा हुकूम अशी तीच चार वाक्ये सांगतो; ती खोटी नसतात, पण ती सर्वांचीच असतात. कंटाळून मी सहज विचारले, “घाट उतरताना गिअर कोणता ठेवायचा?” हवालदार बाजेवर सरकून ताठ बसले. डाव्या पायाची चप्पल फरशीवर दाबली, डाव्या हाताने हवेतला दांडा मध्ये आणला, चप्पल उचलली, उजव्या पायाने हलकेच ठोका दिला, चप्पल पुन्हा दाबली आणि दांडा पहिल्यात टाकला. जुन्या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसे. असा दोनदा क्लच दाबून डबल क्लच केला नाही तर गिअरबॉक्स असा दात खाई की मागच्या सीटवरचा साहेबही दचके. बाजेवर तो गिअर पडला आणि गोष्ट सुरू झाली. त्या रात्री दिवे लावायचे नव्हते. फौजी गाडीच्या मागच्या एक्सलचा फुगीर गोळा पांढरा रंगवतात आणि त्यावर बारीकसा दिवा सोडतात. मागच्याने तेवढे पांढरे पाहून चालवायचे. “रात्रभर तो गोळा बघितला. पुढच्या गाडीत कोण होता विचाराल तर तोंड आठवत नाही, पण त्या गोळ्यावर रंगाचा एक ओघळ होता, तो आठवतो.”

मग आमच्या मनात आले की हवालदारांना खऱ्याच जीपमध्ये बसवावे. एका संस्थेच्या आवारात, नाव घेत नाही, एक कंडम जीप चौथऱ्यावर ठेवली आहे. चाके सिमेंटमध्ये रोवलेली, अंगावर ऑइलपेंटचे इतके थर की बॉनेट उघडायचे झाले तर छिन्नी लागेल, मागच्या हौद्यात सदाफुली आणि पुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी. नंबरप्लेटही नव्याने रंगवलेली. फौजी नंबराच्या आरंभी वर तोंड केलेला बाण असतो आणि पुढचे दोन आकडे गाडी घेतल्याचे साल सांगतात. रंगाऱ्याने तो बाण आडवा काढला होता. हवालदार म्हणाले, “ही गाडी हॉस्पिटलकडे चालली वाटतं.” ते चढू लागले तसा पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. ज्या माणसाने अशीच जीप अकरा वर्षे हाकली, त्याला फुलझाडांचे नुकसान होईल म्हणून खाली उतरवण्यात आले. आम्ही रीतसर अर्ज केला. अर्ज कोणत्या भाषेत केला आणि उत्तर कोणत्या भाषेत आले, ही कथा काढली तर अध्यक्षांना स्वतंत्र व्याख्यानमाला भरवावी लागेल. उत्तराचा मथितार्थ नकार होता, एवढेच सांगतो.

शेवटी खानापूर रोडवरच्या एका गॅरेजमध्ये लिलावात घेतलेली एक जीप दुरुस्तीला आल्याचे कळले. हवालदार चढले, बसले, गिअर चाचपला आणि मग त्यांचा डावा हात त्याच्या शेजारी काहीतरी शोधू लागला. जीपला गिअरखेरीज आणखी दोन दांडे असतात, एक पुढच्या एक्सलला जोर देण्याचा आणि दुसरा हाय-लोचा, म्हणजे वेग हवा की ओढ ते ठरवण्याचा. पूर्वीच्या मालकाने तिला वडापाला, म्हणजे प्रवाशांच्या खेपांना, लावताना डिझेल इंजिन बसवून ते दोन्ही काढून टाकले होते. गॅरेजवाल्या पोराने विचारले, “आजोबा, काय पायजे?” हवालदारांनी रिकामी मूठ उघडली नाही. म्हणाले, “फ्रंट एक्सल.”

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचा आहे, तेव्हा धावते सांगतो.

महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि फौजेची पहिली पिढी याच गाडीवर शिकली. तिच्या चालकांना आठवते ते उन्हाळ्यात पेट्रोलपंपावर टाकलेले ओले फडके, कारण पेट्रोलची नळीतच वाफ झाली की इंजिन बसे. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेने रणगाडे फोडले, हे मी दरवर्षी वर्गात शिकवले; पण त्या तोफेच्या मागून असा धुरळा उठतो की गोळा सुटताच जागा सोडावी लागते आणि ती सोडणे स्टीअरिंगवरच्या माणसाच्या हाती असते, हे मला हवालदारांनी शिकवले.

जोंगा ही निस्सानच्या बनावटीवरून १९६९ ते १९९९ या काळात जबलपूरला तयार झाली. सहा सिलिंडर, चार लिटरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन. तिचे चालक तिच्या ताकदीबद्दल अभिमानाने आणि तिच्या तहानेबद्दल हळू आवाजात बोलतात. जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि नव्वदीच्या दशकात फौजेत रुळली. ती हलकी, म्हणून बर्फाच्या चिखलात रुतली तर चार जवान खांदा लावून काढत. पेट्रोलची, म्हणून लडाखच्या थंडीतही चटकन सुरू होई. तिच्या चालकांना कंबर आठवते, कारण तिचे स्प्रिंगचे पाटे कोणाची गय करत नसत. २०१७ मध्ये फौजेने ३,१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या, त्यांत एअरकंडिशन आहे. उचगावचा एक जवान म्हणाला की काचा बंद केल्यावर चाकाखालच्या खडीचा आवाज येत नाही आणि तो न आल्यामुळे आरंभी त्याला गाडी कोठे चालली आहे तेच कळेना. त्याच्या आठवणी कोठे साठतील, हे पाहण्यास मी नसेन.

दुसरी चिठ्ठी आली. एकच विनंती करतो. माझ्या एका विद्यार्थ्याने आपली जुनी जीप बाहेरच्या पटांगणात आणून उभी केली आहे. सभागृहातील ज्या ज्येष्ठांनी फौजेत गाडी हाकली असेल, त्यांनी चहाला जाण्यापूर्वी पाच मिनिटे तीत बसावे. वही घेऊन मी शेजारच्या सीटवर आहे. तिचे तिन्ही दांडे शाबूत आहेत, मी स्वतः पाहून आलो आहे.