गाडी चोरणाऱ्याशीच मैत्री: फ्रेंच सिनेमा 'वेस्टर्न'

नमस्कार मंडळी! रोड मूव्ही म्हटली की आपल्याला लांबलचक हायवे आणि पळणारी गाडी आठवते. १९९७च्या 'वेस्टर्न' या फ्रेंच सिनेमात गाडी पहिल्या काही मिनिटांतच चोरीला जाते. पुढची वाट पायी, नाहीतर कुणी लिफ्ट दिलीच तर तिच्या भरवशावर.

[पडद्यावर: फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा, ब्रिटनीचा नकाशा]

पाको हा स्पेनमधून आलेला कॅटलान, म्हणजे तिथल्या कॅटलोनिया प्रांतातला, बुटांच्या कंपनीचा फिरता विक्रेता. देखणा, बोलका. रस्त्यात तो नीनोला लिफ्ट देतो. नीनो मूळचा रशियन, इटलीमार्गे फ्रान्सला आलेला, बुटका आणि बुजरा. हाच नीनो पाकोची गाडी घेऊन पसार होतो, आत बुटांचे सगळे नमुने! पाकोची नोकरी जाते. मारिनेत नावाची स्थानिक बाई त्याला आसरा देते, आणि दोघं प्रेमात पडतात. मग एक दिवस नीनो समोर दिसतो. पाको त्याला इतका बदडतो की नीनो थेट हॉस्पिटलात. आणि त्याला भेटायला कोण जातं? पाकोच!

त्यांची मैत्री इथे सुरू होते. मला हा भाग फार आवडतो, कारण दिग्दर्शक मान्युएल प्वारिए तिची घाई करत नाही. माफीचं भाषण नाही, गळाभेट नाही. दोघं नुसते बोलत बसतात, आणि राग कधी ओसरला ते आपल्यालाही कळत नाही.

इकडे मारिनेत म्हणते, आपलं प्रेम खरं आहे का बघू, तीन आठवडे दूर राहा. म्हणून पाको आणि नीनो ब्रिटनीभर भटकायला निघतात. पाकोवर बायका सहज भाळतात, नीनोकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग दोघं एक खोटा सर्व्हे काढतात. दारोदार जाऊन बायकांना विचारायचं, तुमच्या मनातला आदर्श पुरुष कसा? उद्देश एकच, नीनोचं कुठेतरी जुळावं. हसू येतं, पण नीनोचा एकटेपणा प्वारिए कधीही टिंगलीचा विषय करत नाही. विनोदी सिनेमात हे सांभाळणं खरंच अवघड असतं.

वाटेत त्यांना बातिस्त भेटतो. आफ्रिकेतून आलेला, व्हीलचेअरवर बसणारा, विलक्षण हजरजबाबी माणूस. त्याचा एक खेळ आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'बाँजूर', म्हणजे फ्रेंचमध्ये 'नमस्कार', म्हणायचं आणि कोण उलट बाँजूर करतं ते बघायचं. बस, एवढंच. पण परक्या माणसाला हा देश किती आपलं मानतो, ते त्या खेळातून जितकं कळतं तितकं एखाद्या तासाभराच्या भाषणातूनही कळलं नसतं. प्वारिए स्वतः पेरूमध्ये जन्मलेले. परकेपणाकडे ते आतून बघतात, असं मला इथे फार जाणवतं.

पाको झालेत सर्जी लोपेझ, नीनो झालेत साशा बुर्दो. कान महोत्सवात सिनेमाला ज्युरी प्राइझ मिळालं. बर्नार्दो सांदोव्हाल यांचं संगीत गिटारवर चालतं. ब्रिटनीच्या ढगाळ रस्त्यांवर ती स्पॅनिश धून सुरुवातीला थोडी विचित्र वाटते, मग तिच्याशिवाय ते रस्ते डोळ्यांसमोर येत नाहीत.

सिनेमा दोन तासांहून मोठा आहे आणि रमतगमत चालतो, त्यामुळे फोन बाजूला ठेवून बघा. आणि पुढे नीनोचं काय होतं, ते मी मुळीच सांगणार नाही!