बीडाचं कोल्हापूर

कोल्हापुरात कोळशाची खाण नाही. तरीही शहराच्या आसपास सुमारे 300 फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आहेत, आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनांची कितीतरी बीडाची (ओतीव लोखंडाची) कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, इथून देशभर जातात.

याचं मूळ शेतात आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वाढला. उसाला पाणी, पाण्याला पंप, पंपाला ऑइल इंजिन. गुऱ्हाळाचा चरकसुद्धा बीडाचाच. हंगामात तुटलेला भाग परगावाहून येईपर्यंत थांबणं कुणालाच परवडत नाही; उद्यमनगरातल्या मेस्त्रींचं ओतकाम या गरजेवर वाढलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 सालचीच. भट्टीचा कोक, म्हणजे भाजून केलेला दगडी कोळसा, झारखंडातल्या झरियाच्या पट्ट्यातून इतक्या लांबून आणावा लागे. पुढे काम शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पसरलं.

बीड वितळवण्याची एक भट्टी म्हणजे क्युपोला. उभं पोलादी नळकांडं, आतून अग्निविटा. तळाला कोकचा बेड पेटवायचा. त्यावर बीड, भंगार, कोक, चुनखडी, थरावर थर. आपल्याकडच्या कोकमध्ये राख 25-30 टक्क्यांपर्यंत असते, त्यामुळे उष्णता कमी आणि धातूवर तरंगणारी मळी (स्लॅग) जास्त. बेड खाली बसला की धातू थंड उतरतो. मग पातळ भिंतीत धातूचे दोन प्रवाह समोरासमोर येतात, पण एकजीव होत नाहीत. हाच कोल्ड शट. शिवाय कोकमधलं गंधक बीडात उतरतं आणि एस.जी. आयर्न या चिवट बीडासाठी टाकलेलं मॅग्नेशियम खाऊन टाकतं. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आल्या त्यामागे हे मोठं कारण. तिथे टनाला साधारण 600 युनिट वीज लागते, म्हणून वीजदर वाढला की पहिला फटका फौंड्रीला.

पण कास्टिंग चांगलं की वाईट, हे बहुतेक वेळा साच्याची वाळूच ठरवते. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू घाट चढून येते. तीत वाळू बांधून ठेवणारी कच्छची चिकणमाती, बेंटोनाइट, 7-8 टक्के, कोळशाची भुकटी 3-4 टक्के, पाणीही 3-4 टक्के. धातू पडताच भुकटी जळते, साच्याच्या अंगावर कार्बनचा पातळ थर धरतो आणि वाळू कास्टिंगला चिकटत नाही. पाणी एका टक्क्यानं जरी वाढलं तरी जास्तीची वाफ कोंडते आणि ब्लोहोल, म्हणजे धातूत पोकळ्या, पडतात. वाईट म्हणजे ते कातडीखाली लपतात. मशीनिंगचा खर्च झाल्यावर उघडे पडतात. पाणी कमी पडलं तर साच्याची कड ढासळते. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावरची वाळू न सुकवता वापरली, तर हे सगळं हमखास होतं. जाणता मोल्डर (साचा करणारा कारागीर) मूठभर वाळू दाबून मोडतो आणि मोडलेली कड स्वच्छ आहे का पाहतो. हा अंदाज मोलाचा आहे, तरी दर पाळीला ओलावा मोजायलाच हवा.

कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा, राळेनं बांधलेला वाळूचा तुकडा. त्याची वापरलेली वाळू ही आजची मोठी अडचण. ती 600-700 अंशांवर भाजली की राळ जळते आणि वाळू पुन्हा वापरता येते. एकट्या लहान फौंड्रीकडे असा प्लँट दिवसभर चालवण्याइतकी वाळूच निघत नाही. चौघा-पाचजणांनी मिळून उभारला, तरच तो परवडतो.