ड्रायव्हरचा पगार कापला तर एफ-वनची गाडी जास्त पळेल का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय: “व्हर्स्टॅपनसारख्या ड्रायव्हरवर एवढे पैसे उधळण्यापेक्षा तेच गाडीत घाला ना!” माझ्या मित्रांच्या ग्रुपवरही दर रविवारी हाच वाद. आज त्याचा निकाल लावू.

आधी झटपट उजळणी. फॉर्म्युला वनमध्ये 2021 पासून प्रत्येक टीमच्या वर्षाच्या खर्चाला मर्यादा आहे, कॉस्ट कॅप. पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर. पुढे आकडे बदलत गेले, ते राहू द्या.

आता कान देऊन ऐका. ड्रायव्हरचा पगार या मर्यादेत धरतच नाहीत! मार्केटिंगचा खर्चही नाही, सगळ्यात महागड्या तीन अधिकाऱ्यांचे पगारही नाहीत. त्यामुळे जी टीम मर्यादेला टेकलीय, तिने ड्रायव्हरला फुकट राबवलं तरी गाडीवर एक डॉलर जास्त खर्च करता येणार नाही.

मग मर्यादेत काय येतं? अपघात! भिंतीला घासून तुटलेला फ्रंट विंग (गाडीच्या नाकावरचा पंख) आणि संशोधन करून बनवलेला नवा फ्लोअर (गाडीचा तळ), दोन्ही एकाच खिशातून. म्हणून “ठोकली तर ठोकली, पैसेवाली टीम आहे” हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. दुरुस्तीवर गेलेला पैसा हा न आलेला अपग्रेड, म्हणजे न झालेली सुधारणा असते.

मेलबर्नची शर्यत, 2024 आठवा. शुक्रवारच्या पहिल्याच सरावात विल्यम्स टीमच्या अल्बनने गाडी आपटली, चॅसी (गाडीचा मुख्य सांगाडा) खराब झाला आणि टीमकडे स्पेअर चॅसीच नव्हता! त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर सार्जंट, त्याची काही चूक नसताना त्याची गाडी काढून अल्बनला दिली. अल्बन अकरावा आला, गुण शून्य. त्या कारखान्यात वर्षानुवर्षं पुरेशी गुंतवणूक झाली नव्हती, त्याचं बिल असं फाटलं.

आणि रेड बुलला विचारा. 2021 मध्ये त्यांनी मर्यादा ओलांडली, 70 लाख डॉलर दंड झाला. पण माझ्या मते खरा फटका दुसराच: एरोडायनॅमिक चाचण्यांत, म्हणजे गाडीभोवती हवा कशी वाहते ते तपासण्यात, 10 टक्के कपात. दंड भरून मोकळं होता येतं. विंड टनेलमधला (वारा सोडून गाडी तपासायच्या बोगद्यातला) गेलेला वेळ विकत मिळत नाही.

एका ताईंनी विचारलंय, “मग मल्ल्यांची फोर्स इंडिया कमी पैशात 2016 आणि 2017 ला चौथी कशी आली?” फार छान प्रश्न. तेव्हा कॅप नव्हती. इंजिन आणि गिअरबॉक्स ते मर्सिडीजकडून घ्यायचे, म्हणजे ते बनवायचा डोंगराएवढा खर्च वाचायचा, आणि मोजके पैसे एरोडायनॅमिक्सवर लागायचे. पण 2018 च्या जुलैत टीम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्याच महिन्यात, नव्या मालकांच्या हाताखाली, बेल्जियममधल्या स्पाच्या ओल्या क्वालिफायिंगमध्ये (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) त्यांचे ड्रायव्हर ओकॉन तिसरा, पेरेझ चौथा! गाडी तीच होती, माणसंही तीच.

तुमच्या आवडत्या टीमने यंदा अपग्रेडऐवजी दुरुस्तीवर पैसा घालवलाय असं कुठे वाटलं, ते शर्यतीच्या नावासकट खाली लिहा.