मायल्स जेमिनी: लाकडाचं, दोन इंजिनांचं, घरच्या माणसांना घेऊन फिरायचं विमान

नमस्कार मंडळी! हा फोटो नीट बघा. चार जागा, दोन इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख आणि सगळं अंग लाकडाचं. हे मायल्स जेमिनी. २६ ऑक्टोबर १९४५ला इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळच्या वुडलीला ते पहिल्यांदा उडालं. महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते!

हौशी वैमानिकाला दोन इंजिनं कशाला हवीत? तर इंग्लंडहून फ्रान्सला जायचं म्हणजे मध्ये समुद्र. एकच इंजिन असेल, तर वैमानिकाचा जीव पलीकडचा किनारा दिसेपर्यंत टांगणीला.

आता पंखाची मागची कड जवळून बघा. फ्लॅप, म्हणजे हळू उडताना पंखाची ताकद वाढवणारी मागची पट्टी, पंखात मिटत नाही. तो खाली, थोडा मागे, वेगळ्या छोट्या पंखासारखा कायम बाहेर असतो. मधल्या फटीतून हवा वेगानं सरकते आणि फ्लॅपच्या पाठीला चिकटून वाहते. त्यामुळे वेग बराच कमी केला तरी पंख विमानाला तोलून धरतो. ही युक्ती आली याच मायल्स कंपनीच्या आधीच्या मेसेंजर विमानावरून. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल माँटगोमेरी वापरायचे ते मेसेंजरच. मला जेमिनीत सगळ्यात जास्त आवडतो तो हा फ्लॅपच.

पण इंजिनं? प्रत्येकी फक्त १०० अश्वशक्ती. भरलेलं विमान साधारण १३६० किलोचं. एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्याच्या जिवावर कसंबसं निभावायचं. म्हणजे ज्या धीरासाठी दोन इंजिनं घेतली, तोच अपुरा. पुढे १९५१मध्ये १५५ अश्वशक्तीची इंजिनं बसवून एरीज नावाचं सुधारित जेमिनी काढलं, पण तोवर मूळ मायल्स कंपनीच उरली नव्हती. १९४७मध्येच तिचं दिवाळं निघालं. जेमिनी बनली सुमारे १७०. याच कंपनीच्या लोकांनी ब्रिटनमध्ये बॉलपेनही बनवलं होतं, हे ऐकून मी तर थक्कच झालो.

लाकडी विमानाचा खरा शत्रू म्हणजे ओल. प्लायवुडचे सांधे डिंकानं जोडलेले. ओल शिरली की आतून सुटतात आणि वरून रंग तसाच चकचकीत! म्हणून तपासणारा मेकॅनिक पृष्ठभागावर हलकेच ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, अगदी तसंच. आवाज बद्द आला, की तिथलं प्लायवुड उघडायचं.